कुलूप शाबूत होतं

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. फोंड्याला सकाळपासून पाऊस नुसता ओतत होता. नारळ खवून झाले, हात धुतले आणि एका गिऱ्हाइकाचं चित्र पाठवायला लॅपटॉप उघडला. जाता जाता ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या क्रिप्टो वॉलेटच्या चिन्हावर क्लिक केलं. तिथे १,१४० यूएसडीसी असायला हवे होते. शून्य दिसलं.

यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेलं नाणं, एक नाणं म्हणजे साधारण एक डॉलर. त्या दिवसाच्या भावाने माझे ९५ हजार रुपये. चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाच्या हिशेबात ही रक्कम किती मोठी, ते वेगळं सांगायला नको. नेट गेलं असेल म्हणून पान दोनदा नव्याने उघडलं. शून्य ते शून्यच. खालच्या ओळीत ०.६२ इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, मात्र जसंच्या तसं होतं.

हे पैसे आले कुठून, ते थोडक्यात सांगते. २०२१ साली कावीच्या नक्षीवरून, म्हणजे आपल्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात लाल मातीने काढतात त्या नक्षीवरून, मी डिजिटल चित्रं केली होती. एनएफटीचा, म्हणजे डिजिटल चित्रांची मालकी विकण्याचा, तेव्हा जोर होता. अकरा चित्रं विकली गेली, मोबदला इथरमध्ये मिळाला. त्यातले काही पुढे एका एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर, यूएसडीसी करून ठेवले. मग १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवर दरोडा पडला, जवळजवळ २३ कोटी डॉलर गेले. माझं खातं तिथे नव्हतं, तरी धसका घेतला. लोक सांगत होते, नाणी एक्स्चेंजवर ठेवू नका, आपल्या वॉलेटमध्ये घ्या. मी घेतली. सगळं आपल्या ताब्यात आल्यावर बरं वाटलं होतं. पुरता महिनाही झाला नव्हता.

भाचा पर्वरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला फोन लावला तेव्हा आवाज कापत होता माझा. त्याने धीर बीर दिला नाही, सरळ विचारलं, "मावशी, इथर आहे का तसंच?"

"आहे."

"मग तुझे बारा शब्द, वॉलेटची मूळ किल्ली, गेलेले नाहीत. शब्द गेले असते तर चोराने आधी इथर उचललं असतं. तू कुठेतरी सही केली आहेस. आठव."

मी म्हटलं, मी कसलीही सही केली नाही. पैसे पाठवले नाहीत, फी कापली गेली नाही, पासवर्ड कोणाला दिला नाही. तो म्हणाला, "फी कापली गेली नाही, तेच मला हवं होतं."

त्या संध्याकाळी जे समजलं ते तीन वर्षं वॉलेट वापरून मला ठाऊक नव्हतं. ब्राउझरमधल्या वॉलेटला आपण जो पासवर्ड घालतो तो फक्त या लॅपटॉपवरच्या पेटीचा. आपली किल्ली कूटबद्ध करून ब्राउझरच्या साठवणीत ठेवलेली असते, आणि पासवर्ड घातला की ती पेटी उघडते, एवढंच. नाणी लॅपटॉपमध्ये नसतातच. ती साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, आपल्या पत्त्याच्या नावे मांडलेली असतात. ती हलवायला किल्लीने केलेली सही लागते, आणि ती सही बरोबर असली की साखळी पुढचं काही विचारत नाही. कोणी फसवून घेतली का, कोणत्या पानावर घेतली, काही नाही. माझी पेटी शाबूत होती, पासवर्ड शाबूत होता. गेलं ते माझ्याच सहीने गेलं.

भाच्याने मला इथरस्कॅनवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, माझा पत्ता टाकायला लावला. १६ ऑगस्टच्या रात्री दीडचा व्यवहार सापडला. तो पाठवणारा पत्ता माझा नव्हता. व्यवहाराची फीसुद्धा त्यानेच भरली होती. आत दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीचं नाव 'परमिट', दुसरीचं 'ट्रान्सफर फ्रॉम'. पहिल्या पायरीत त्याने माझी सही यूएसडीसीच्या करारापुढे, म्हणजे साखळीवरच्या त्याच्या प्रोग्रॅमपुढे, ठेवली, की ही बघा, या बाईने मला परवानगी दिली आहे. दुसऱ्या पायरीत माझ्या पत्त्यावरून सगळे उचलले. इथरला हात लावता आला नाही, कारण ही परवानगीची सोय इथेरियमच्या साखळीवरच्या यूएसडीसीसारख्या टोकनांसाठी असते, खुद्द इथरला ती नाही. म्हणून ते वाचलं.

आता ती सही. ब्राउझरचा इतिहास चाळत बसले आणि बुधवार, १४ ऑगस्टला येऊन थांबले. त्या दिवशी चित्रांच्या बाजाराची एक साइट उघडायला मी सर्च इंजिनात नाव टाकलं होतं आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर क्लिक केलं होतं. तो दुवा जाहिरातीचा होता. पत्त्यात एका अक्षराचा फरक. पान हुबेहूब तेच. 'वॉलेट जोडा' दाबलं, जोडलं. मग वॉलेटची खिडकी आली, सही करा म्हणून. खऱ्या साइटवरही लॉगिन करताना अशी सही मागतातच. खिडकी तीच, निळं बटण तेच, फी शून्य. दाबलं. पान पुढे सरकलं नाही, म्हणून वैतागून बंद केलं आणि विसरून गेले.

भाच्याने नंतर एका चाचणीच्या साखळीवर, जिथे नाणी खोटी असतात, तशीच खिडकी मुद्दाम उघडून दाखवली. आम्ही दोघं ती ओळीने वाचत बसलो. लॉगिनच्या सहीत माणसाला वाचता येईल असं वाक्य असतं: अमुक साइट तुम्हाला या पत्त्याने आत येऊ देऊ इच्छिते, तारीख अमुक. परमिटच्या सहीत वाक्य नसतं, खाने असतात. 'ओनर', म्हणजे मी. 'स्पेंडर', म्हणजे कोणीतरी परका पत्ता. 'व्हॅल्यू', आणि त्यापुढे ११५७९२०८९ ने सुरू होणारा ७८ आकडी आकडा. 'नॉन्स', म्हणजे सहीचा क्रमांक. 'डेडलाइन'. तो ७८ आकडी आकडा म्हणजे या यंत्रणेत मावणारी सगळ्यात मोठी संख्या, थोडक्यात 'आहेत तेवढे, आणि पुढे येतील तेवढेही'. 'डेडलाइन' म्हणजे ही चिठ्ठी कधीपर्यंत चालेल. माझी चिठ्ठी घेऊन तो दोन दिवस गप्प बसला आणि मग वटवली. तोपर्यंत साखळीवर कुठेच काही नोंद नव्हती, कारण अशी सही साखळीबाहेर होते. फी पडत नाही ती याचमुळे. आणि फी नाही म्हणजे काही झालं नाही, असं मी धरून चालले होते.

'स्पेंडर' हा शब्द त्या खिडकीत होता. मी तो वाचला नव्हता. आजही ती खिडकी डोळ्यांसमोर आली की पोटात खड्डा पडतो.

तक्रारीचं सांगते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन केला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली, तिचा क्रमांक मिळाला. मंगळवारी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "पासवर्ड कोणाक दिल्लो?" मी नाही म्हटलं आणि परमिटची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. जाणाऱ्यांच्या उपयोगाचं एवढंच: आपला पत्ता, चोराचा पत्ता, व्यवहाराचा तो लांबलचक हॅश (ओळखक्रमांक), वेळ आणि त्या पानाच्या छापील प्रती घेऊन जा. हॅश तोंडी सांगता येत नाही, ६४ अक्षरं असतात. पैसे परत आलेले नाहीत. यूएसडीसी काढणारी कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, पण चोरांनाही ते माहीत असतं. माझे यूएसडीसी अकरा मिनिटांत इथर झाले होते, आणि इथर गोठवणारं कोणी नाही.

त्याच आठवड्यात मला दोन अनोळखी माणसांचे मेसेज आले, आम्ही तुमचे पैसे परत काढून देतो, आधी थोडी फी भरा. भाच्याने दोन्ही ब्लॉक केले. एकदा लुटलेल्याला दुसऱ्यांदा लुटायला हे टपलेलेच असतात. करसल्लागारांनी सांगितलं ते आणखी वेगळंच: १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो विषय मी तिथेच सोडला.

मग साफसफाई. पहिलं काम त्या परक्या पत्त्याची परवानगी रद्द करणं. पैसे गेले तरी ती जिवंतच होती. मी उद्या तिथे पन्नास डॉलर घेतले असते तर तेही गेले असते. इथरस्कॅनवर परवानग्या तपासायचं पान आहे, रिव्होक कॅश नावाची साइटही आहे. यावेळी पत्ता मी अक्षर अक्षर टाइप केला. यादी उघडली आणि थक्क झाले. नऊ परवानग्या. २०२१ पासूनच्या. ज्या साइटी मला आठवतही नव्हत्या त्यांना मी माझी टोकनं नेण्याची मुभा देऊन बसले होते, आणि त्यातल्या दोन अमर्याद होत्या. मी दर वेळी काम झालं की वॉलेटमध्ये 'डिसकनेक्ट' दाबत असे आणि दार लावलं असं समजत असे. डिसकनेक्टने त्या पानाला तुमचा पत्ता दिसायचा थांबतो, बस्स. परवानगी साखळीवर लिहिलेली असते. ती खोडायला तिथे दुसरी नोंद करावी लागते, आकडा शून्य करून, आणि तिला फी पडते. तेव्हा फी स्वस्त होती, एकेकीला तीसेक रुपये पडले. नऊच्या नऊ खोडल्या.

खऱ्या साइटवरही धोका असतो, हे मी तेव्हाच वाचलं. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो गुंतवणुकीच्या सेवेची साइट खरी होती, पत्ता खरा होता, पण कोणीतरी पानात आपला कोड घुसवून लोकांकडून परवानग्या घेतल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर नेले. पत्ता तपासणं आवश्यक आहे, पण तेवढ्यावर निभावत नाही. खिडकीत काय लिहिलंय ते वाचावंच लागतं.

लॅपटॉपकडे भाच्याने नजर टाकली आणि त्याचा चेहरा उतरला. ब्राउझरमध्ये सतरा एक्स्टेंशन होती: कूपनवालं, स्क्रीनशॉटवालं, रंग उचलणारं, काय काय. त्यातली कित्येक 'सर्व साइटवरचा मजकूर वाचणे व बदलणे' एवढी मुभा घेऊन बसलेली. शिवाय मी फुकट ब्रशांचा एक संच कुठूनतरी उतरवून घेतला होता. त्याचं म्हणणं, अशा फायलींतून येणारे चोर प्रोग्रॅम ब्राउझरच्या साठवणीतली वॉलेटची पेटी उचलून नेतात आणि आपल्याकडे सवडीने पासवर्ड फोडत बसतात. तिथे 'तीन वेळा चुकलात' असं म्हणायला कोणी नाही. माझा पासवर्ड आठ अक्षरी होता. आणि कधी कधी पेटीची गरजही पडत नाही. जून २०२२ मध्ये हॅलबॉर्न या सुरक्षा कंपनीने उघड केलं होतं की मेटामास्कसह काही ब्राउझर वॉलेटांमध्ये, ठरावीक परिस्थितीत, बारा शब्द डिस्कवर उघडेच राहू शकत होते, कारण ब्राउझर बंद पडलं तर परत उघडता यावं म्हणून ते पानावर टाइप केलेला मजकूर जपून ठेवतं. पुढे ते दुरुस्त झालं. पण ब्राउझर हे सगळ्या जगाला आत येऊ देणारं घर आहे, आणि तिजोरी मी त्याच्या ओसरीवर ठेवली होती, हे मला तेव्हा पटलं. लॅपटॉप पुसून नव्याने लावला. वॉलेटसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल, त्यात दुसरं एकही एक्स्टेंशन नाही.

आणि किल्ली ब्राउझरमध्ये ठेवायचीच नाही असं ठरवून हार्डवेअर वॉलेट मागवलं, बनवणाऱ्यांच्याच साइटवरून. पेनड्राइव्हएवढं यंत्र, दोन बटणं, बोटभर पडदा. चवथीच्या आधी आठवडाभर ते घरी आलं. घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळंपानं टांगायची, तयारी, वहिनींनी तोरणाला लावायच्या सुपाऱ्या निवडायला घेतलेल्या, आणि मी खोलीचं दार लावून बसलेले.

नवे शब्द बनवण्याआधी एक जुनं काम होतं. माझं पहिलं वॉलेट, २०२१ चं, ज्या लॅपटॉपवर होतं तो २०२२ च्या पावसाळ्यात मेला. बोर्ड गंजला होता. आत ०.१९ इथर राहून गेलं होतं. शब्दांचा कागद माझ्याकडे होता, पण कपाटातली ओल त्याला लागली होती. गोव्यात कागद ठेवणाऱ्या कोणालाही हे दुखणं ठाऊक आहे. अकरा शब्द वाचता येत होते, सातवा शाईच्या डागात बुडालेला. पहिली तीन अक्षरं तेवढी दिसत होती: एस, टी, ए. मी ते पैसे गेले असंच धरलं होतं.

भाचा म्हणाला, गेले कशाने? हे शब्द वाटेल ते नसतात. २०१३ साली ठरलेली २,०४८ इंग्रजी शब्दांची यादी आहे, 'अबॅंडन'पासून 'झू'पर्यंत. ती अशी रचलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ठरतो, दोन शब्दांची पहिली चार अक्षरं कधीच सारखी नसतात. एस-टी-ए ने सुरू होणारे शब्द त्यात दहाच: स्टेबल, स्टेडियम, स्टाफ, स्टेज, स्टेअर्स, स्टॅम्प, स्टँड, स्टार्ट, स्टेट, स्टे. आणि बाराव्या शब्दात पडताळणीचा अंश असतो. चुकीचा शब्द घातला तर बहुतेक वेळा सगळी रांगच नाकारली जाते. सोळात एखादी चुकून पास होते.

त्याने एकच अट घातली: हे शब्द कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कुठल्या पानावर टाकायचे नाहीत. यंत्रावरच भरायचे. मग त्या दोन बटणांनी एकेक अक्षर पुढे-मागे करत बारा शब्द. चौथं अक्षर आलं की यंत्र पुरा शब्द दाखवतं. 'स्टेबल' घातला, नाकारला. पुन्हा पहिल्यापासून बारा. 'स्टेडियम', नाही. 'स्टाफ', नाही. बाहेर पाऊस, अंगठा दुखायला लागलेला. 'स्टेज' घातला आणि यंत्राने स्वीकारला. मी ओरडलेच. वहिनींनी बाहेरून विचारलं, "काय झालं गो?" पण पत्ता जुळेना. दुसराच कोणतातरी पत्ता, कधी न वापरलेला, रिकामा. त्या क्षणी मला या शब्दांची खरी ताकद कळली. एक शब्द बदलला की दुसरं घर उघडतं, आणि तिथे ना नाव ना दाराची घंटा. पाचवा, 'स्टेअर्स'. स्वीकारला. पत्ता तोच, ज्यावर माझ्या पहिल्या कावी चित्राचे पैसे आले होते. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी आणि भाचा व्हिडिओ कॉलवर दोघंही गप्प बसलो थोडा वेळ.

मग यंत्र पुसून नवे शब्द घेतले, या वेळी चोवीस, आणि दोन्ही जुन्या पत्त्यांवरचं इथर नव्या पत्त्यावर आणलं. आधी ०.०१, ते पोचल्यावर बाकीचं. दुसऱ्या दिवशी व्यवहारांच्या यादीत एक अनोळखी शून्य रकमेची नोंद दिसली. पत्ता माझ्या नव्या पत्त्यासारखाच, सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं तीच, मधली वेगळी. हे मुद्दाम पेरतात. पुढच्या वेळी आपण घाईत यादीतूनच पत्ता कॉपी करू, या आशेने. मे २०२४ मध्ये एकाने अशाच पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचं इथेरियमवरचं रूप), म्हणजे ६ कोटी डॉलरहून जास्त, पाठवले होते. त्याला ते पुढे बहुतेक परत मिळाले, पण तसं नशीब सगळ्यांचं नसतं. मी आता पत्ता यंत्राच्या पडद्यावर पूर्ण वाचते, मधली अक्षरंसुद्धा, मोठ्याने.

यंत्र घेतलं म्हणजे निजायला मोकळे, असंही नाही. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर गेले तेव्हा सही करणाऱ्यांकडे अशीच यंत्रं होती. त्यांच्या संगणकावर दिसणारं पानच बदललेलं होतं. पानावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही पडत होती दुसऱ्याच गोष्टीवर. बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या यंत्राच्या पडद्यावर जर काही अर्थ लागेल असं दिसलं नाही, नुसती अक्षरांची माळ आली, तर मी आता 'रद्द' दाबते. एक चित्र विकायचं राहिलं त्यामुळे गेल्या मार्चमध्ये. राहू दे.

शब्द कागदावर ठेवले नाहीत. बाजारातून स्टीलच्या दोन पट्ट्या आणि अक्षरं ठोकायचे पंच आणले. कारखान्यात देऊन चाललं नसतं, शब्द दुसऱ्या कोणी बघायचे नाहीत. चार अक्षरं पुरतात हे आता माहीत होतं, म्हणून प्रत्येक शब्दाची चारच. हातोड्याने ठोकताना एक 'आर' तिरका बसला आहे, पण बोट फिरवलं तर अंधारातही कळतो.

दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना मी परवानग्यांची यादी उघडते. घरात मोदकांचा वास, आई घड्याळाकडे बघत असते, आणि मी ओळी मोजते. परवाच्या संकष्टीला एकच ओळ होती. मीच दिलेली, पन्नास यूएसडीसीपुरती, आणि काम झालेलं. ती खोडली, यंत्राच्या पडद्यावर शून्य वाचलं, दोन्ही बटणं दाबली आणि चंद्राला अर्घ्य द्यायला अंगणात गेले.